क्रांतिबा जोतीराव फुले आणि गुलामगिरीचा हिशेब



आपल्या विहाराला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण झाली. स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा कमिटीने आमच्याकडे महात्मा जोतीराव फुले यांच्या जीवनावर लेख मागितला. आम्ही काही प्राध्यापक नाही. आमची शाळा आठवीतच सुटली. त्यानंतर सूतगिरणीत बदली कामगार म्हणून लागलो, ते आजवर रिंगफ्रेमवरच आहोत. जे काही वाचले ते रात्रपाळी संपल्यावर, वाचनालयातून पुस्तके आणून, अडलेला शब्द पोरांना विचारून वाचले. तेव्हा विद्वानांनी चूकभूल माफ करावी.

जोतीरावांचे चरित्र तसे सगळ्यांना ठाऊक आहे. दरवर्षी ११ एप्रिलला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो. तीन दिवसांवर बाबासाहेबांची जयंती आलेली असते, मंडप-वर्गणीची धावपळ चालू असते, त्यात ११ एप्रिल लवकर आटोपतो. म्हणून या वेळी आम्ही त्यांच्या आयुष्यातला एकच धागा धरून लिहिणार आहोत. गुलामी ज्यांनी लादली, ज्यांनी सोसली आणि ज्यांनी नुसती बघितली, त्या सगळ्यांनी मिळून तिचा हिशेब कसा चुकता करायचा, हा तो धागा. जोतीरावांनी जन्मभर हेच काम केले असे आम्हाला वाटते.

फुलमाळ्याचा पोरगा

जोतीरावांचे मूळ घराणे साताऱ्याकडच्या कटगुणचे. आडनाव गोऱ्हे. पुढे हे लोक पुरंदर तालुक्यातल्या खानवडीला आणि तिथून पुण्याला आले. पेशव्यांकडे फुले पुरवण्याचा धंदा लागला म्हणून लोक त्यांना फुले म्हणू लागले. जोतीरावांचा जन्म १८२७ चा. वडील गोविंदराव, आई चिमणाबाई. लेकरू वर्षाचे व्हायच्या आतच आई गेली. नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना वाढवले. या बाईचा आपल्याला विसर पडतो, पण जोतीरावांना तो कधी पडला नाही.

पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम नऊ वर्षे झाली होती. ज्या पुण्यात महाराच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधायला लावला, असे आपले म्हातारे सांगत आले, तेच हे पुणे. राज्य इंग्रजाचे आले तरी गल्लीतला कायदा जुनाच होता. माळ्याच्या पोराने शाळेत जावे हे काही लोकांना पटले नाही. त्यांनी गोविंदरावांचे कान भरले आणि पोरगा शाळेतून निघून मळ्यात कुदळ मारू लागला. पुढे १८४० मध्ये नायगावच्या सावित्रीबाईंशी त्यांचे लग्न झाले.

या पोराची हुशारी शेजारच्या दोन माणसांनी हेरली. एक उर्दू-फारसीचे शिक्षक मुन्शी गफ्फार बेग आणि दुसरे लिजिट नावाचे साहेब. दोघांनी गोविंदरावांना समजावले आणि १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. एक मुसलमान, एक ख्रिस्ती. माळ्याचे पोर शिकले काय न शिकले काय, त्यांचे काय जाणार होते? तरी ते बोलले. अन्याय आपण केला नाही म्हणून आपण मोकळे, असे त्यांनी मानले नाही.

शरीर कमावायला जोतीराव लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जात. लहुजी मांग समाजाचे. म्हणजे ज्याला जग अस्पृश्य म्हणत होते त्याला जोतीरावांनी आधी गुरू केले. पुढे शाळा उघडल्यावर लहुजींनीही आपल्या समाजातली मुले त्या शाळेत पाठवली.

१८४७ च्या सुमारास टॉमस पेन या लेखकाचे माणसाच्या हक्कांवरचे पुस्तक त्यांच्या हाती पडले. दुसऱ्या वर्षी एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत ते गेले. शूद्र असून आमच्या बरोबरीने चालतोस म्हणून तिथे त्यांचा पाणउतारा झाला. असा अपमान आपल्यापैकी किती जणांनी गिळला असेल! कोणी घरी येऊन रडतो, कोणी बायकोवर राग काढतो, कोणी मोठा झाल्यावर आपल्या खालच्याचा तसाच अपमान करतो. जोतीरावांनी यातले काही केले नाही. माळ्याला असे वागवतात तर महारा-मांगाचे काय होत असेल, बायांचे काय होत असेल, तिकडे ते वळले. आमच्या मते जोतीरावांचे मोठेपण इथून सुरू होते.

शाळा कोणाकोणाच्या खांद्यावर उभी राहिली

१८४८ मध्ये पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तेव्हा जोतीरावांचे वय एकवीस. वाडा तात्यासाहेब भिडे यांचा. सदाशिवराव गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे हे ब्राह्मण मित्र त्यांच्या पाठीशी होते. हे आम्ही मुद्दाम लिहितो. सगळ्या ब्राह्मणांना एकाच काठीने हाकणारा माणूस अशी जोतीरावांची बदनामी करणारे लोक आजही आहेत. जोतीरावांचे भांडण व्यवस्थेशी होते. त्या व्यवस्थेत जन्माला येऊनही ज्यांनी आपल्या वाट्याचे ओझे उचलले, त्यांना त्यांनी बरोबर घेतले.

सावित्रीमाई शिकवायला निघाल्या की लोक अंगावर शेण-चिखल फेकत. गोविंदरावांवर दडपण आले आणि १८४९ मध्ये नवरा-बायकोला घर सोडावे लागले. तरी शाळा थांबल्या नाहीत. महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. १८५२ च्या नोव्हेंबरात सरकारने विश्रामबाग वाड्यात जोतीरावांचा सत्कार केला.

या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांगाच्या मुलीने १८५५ मध्ये महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ज्ञानोदय पत्रात छापून आला. इमारतींच्या पायात आपल्या लोकांना शेंदूर-तेल पाजून पुरले जाई, आपल्या जमिनी हिसकावल्या गेल्या, असे तिने त्यात मांडले. गुलामाच्या पोरीने पहिल्यांदाच हातात लेखणी घेतली आणि लगेच हिशेबाची वही उघडली! कोणाकोणाचे काय काय घेतले गेले, ते तिने लिहून ठेवले. हिशेब चुकता करायचा तर आधी तो लिहावा लागतो. आपल्या आयाबायांनी जे सोसले ते कोणी लिहिले नाही, म्हणून ते झालेच नाही असे म्हणायला लोक मोकळे झाले.

जोतीरावांना मारायला १८५६ मध्ये दोन मारेकरी आले होते. तेही बिचारे पैशासाठी पाठवलेले गरीबच. एक रामोशी, दुसरा धोंडिराम नावाचा कुंभार. चरित्रकार सांगतात की दोघांचे मन पालटले आणि धोंडिराम तर शिकून जोतीरावांचा साथीदार झाला. गुलामालाच गुलामाच्या अंगावर सोडायचे, ही रीत तेव्हापासूनची आहे. आजही दंगलीत कोणाची पोरे जेलात जातात ते बघा, म्हणजे समजेल.

ब्राह्मण विधवांचे हाल पाहून १८६३ मध्ये जोतीराव-सावित्रीमाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसलेल्या बाईने तिथे गुपचूप यावे, बाळंत व्हावे. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला आणि डॉक्टर केला. ज्या जातीच्या पुढाऱ्यांनी यांच्यावर शेण टाकले, त्याच जातीचे लेकरू यांनी मांडीवर घेतले.

हौद

आता १८६८ ची गोष्ट. पुण्यात जोतीरावांच्या घराजवळ त्यांचा स्वतःचा पाण्याचा हौद होता. अस्पृश्यांना पाण्यासाठी तासन् तास ताटकळावे लागे. कोणी दयाळू माणसाने वरून ओतले तर ओंजळीत घ्यायचे. जोतीरावांनी आपला हौद त्यांच्यासाठी खुला केला.

थोडा विचार करा. महार-मांगांचे पाणी जोतीरावांनी तोडले नव्हते. ते स्वतः शूद्र म्हणून हिणवलेले. त्यांना म्हणता आले असते, बाप्पा, आम्हीच दबलेले, आमचा यात काय दोष? पण माळी-कुणब्यांनाही कोणाला तरी खाली ठेवण्यात समाधान मिळत होते, हे त्यांनी ओळखले. शूद्रांना अतिशूद्रांचा तिरस्कार करायला शिकवले आणि त्यावरच ही इमारत उभी राहिली, असे त्यांनी पुढे लिहिलेही. ज्या पायरीवर आपण उभे आहोत, त्या पायरीचा हिशेब आपण द्यायचा. वरच्याने काय केले ते नंतर.

या हौदाचे पाणी पुढे फार लांब वाहत गेले. १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव मांडला. १९२७ मध्ये बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. हौदापासून तळ्यापर्यंत यायला एकोणसाठ वर्षे लागली.

गुलामगिरी आणि आपल्या वऱ्हाडचा कापूस

१८७३ मध्ये जोतीरावांचा गुलामगिरी हा ग्रंथ निघाला. त्यात धोंडिबा आणि जोतीराव असे दोघे सवाल-जवाब करतात. पुराणातल्या अवतारकथा जोतीरावांनी उलट्या बाजूने वाचल्या. बळीराजाला आपला राजा मानले. आजचा इतिहास त्यातले प्रत्येक कलम जसेच्या तसे मानणार नाही आणि मानलेच पाहिजे असा आमचाही हट्ट नाही. पण जो हरला त्याची बाजू विचारायची असते, हे त्या पुस्तकाने आपल्या लोकांना शिकवले. त्यातल्या जाहीरनाम्यात जोतीरावांनी कोणत्याही जातीच्या, कोणत्याही देशाच्या माणसासोबत जेवण्याची तयारी दाखवली.

हे पुस्तक त्यांनी कोणाला अर्पण केले? अमेरिकेतल्या त्या सज्जन लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांच्या सुटकेसाठी स्वतःचा फायदा सोडून झीज सोसली. त्यांचा कित्ता आपल्या देशबांधवांनी गिरवावा आणि शूद्र भावांना दास्यातून सोडवावे, अशी आशा जोतीरावांनी तिथे धरली आहे. पुण्यात बसलेल्या माळ्याने सातासमुद्रापलीकडच्या हबशी गुलामाला आपला भाऊ ओळखला. तेव्हा तार होती, पण टीव्ही नव्हता, फोन नव्हता.

आता ही अमेरिकेची गोष्ट आपल्या जिल्ह्याशी कशी जोडलेली आहे ते सांगतो. आम्ही सुताचे कामगार, आम्हाला ती कापसातून समजते. अमेरिकेच्या दक्षिणेत कापूस पिकत होता आणि तो वेचणारे हात गुलामांचे होते. १८६१ मध्ये तिथे उत्तर-दक्षिण युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली. विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग साहेबाची नजर वळली वऱ्हाडकडे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलाच होता. भाव कडाडला आणि आपल्या काळ्या मातीत जिकडे तिकडे पऱ्हाटी उभी राहिली. आपल्या जिल्ह्याला त्या काळी वणी जिल्हा म्हणत. यवतमाळ हे नाव १९०५ चे. पुढे याच कापसासाठी मूर्तिजापूर ते यवतमाळ शकुंतला आगगाडी आली. आमच्या लहानपणी ती बघितलेली आहे, आता ती बंद पडली.

१८६५ मध्ये युद्ध संपले. सहा लाखांहून जास्त माणसे मेली आणि सुमारे चाळीस लाख गुलाम मोकळे झाले. अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात येऊ लागला तसा इकडे भाव कोसळला. तिकडच्या गुलामाची बेडी तुटली आणि इकडच्या कुणब्याच्या नावावर सावकाराची चिठ्ठी चढली. त्या कुणब्याच्या वावरात राबणारा महार-मांग सालदार तर दोघांच्याही खाली. तेव्हा गुलामी ही दूर कुठली गोष्ट, असे आपल्याला म्हणता येत नाही. आपल्या अंगावरच्या सदऱ्यात तिचा धागा आहे.

मोबदला कोणाला मिळाला?

अमेरिकेचे कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये. जोतीरावांच्या हयातीतच तिकडे पुढे काय झाले? मोकळ्या झालेल्या गुलामांना चाळीस-चाळीस एकर जमीन द्यायचा हुकूम १८६५ च्या जानेवारीत एका सेनापतीने काढला आणि त्याच वर्षी नव्या राष्ट्राध्यक्षाने तो फिरवला. जमिनी जुन्या मालकांना परत गेल्या. विलायतेने तर १८३३ मध्ये आपल्या वसाहतीतली गुलामी बंद करताना दोन कोटी पौंड मोबदला वाटला. कोणाला? गुलामांना नाही, गुलामांच्या मालकांना! ज्याच्या पाठीवर आसूड ओढले त्याला एक दमडी मिळाली नाही. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने २००८ मध्ये आणि सिनेटने २००९ मध्ये गुलामीबद्दल माफी मागितली. माफी मागायलाही दीडशे वर्षांच्या जवळपास लागली.

आपल्याकडे काय झाले? १८४३ च्या कायद्याने हिंदुस्थानात गुलामीची मालकी कोर्टात मानायची नाही असे ठरले. म्हणजे कागदावर अमेरिकेच्याही बावीस वर्षे आधी! पण गावचा महार, येसकर, वेठबिगार, मेलेले ढोर ओढणारा, यांना कोणी गुलाम म्हटलेच नाही. त्याला धर्म म्हटले, रीत म्हटले, वतन म्हटले. ज्याला नाव नाही त्याचा कायदा कसा मोडणार? जोतीरावांनी १८७३ मध्ये त्याला नाव दिले, गुलामगिरी. हे नाव देणे म्हणजे अर्धी लढाई होती.

मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली तेव्हा मालगुजारांना मोबदला मिळाला. पिढ्यान् पिढ्या फुकट राबलेल्यांच्या घामाचा मोबदला मात्र कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही. आज कोणी आरक्षणावरून आपल्याला टोमणा मारला, तर भांडत बसू नका. एवढेच विचारा, की मागच्या पिढ्यांच्या वेठीची मजुरी कोणत्या खात्यात जमा आहे?

हा सवाल जोतीरावांनी आपल्या पद्धतीने १८८२ मध्येच केला होता. हंटर कमिशनपुढे निवेदन देताना त्यांनी मांडले, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. तेव्हा बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शिक्षक खालच्या समाजातूनही घ्या. ही भीक नव्हती. हे घेतलेले परत मागणे होते. दुसऱ्या वर्षी लिहिलेल्या शेतकऱ्याचा असूड या पुस्तकात त्यांनी शेतकऱ्याला कोण कोण लुटतो ते सविस्तर मांडले. त्यात भट आहे, सावकार आहे आणि गोरा साहेबही आहे. आपल्या जिल्ह्यात कर्जापायी गळफास घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या घरी जाऊन आलेल्या माणसाला ते पुस्तक परके वाटत नाही.

जोतीराव नुसते लिहिणारे नव्हते. खडकवासल्याच्या धरणाला दगड पुरवण्याचा ठेका त्यांनी घेतला होता, तेव्हा मजुराचे जिणे त्यांनी जवळून बघितले होते. २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी सत्यशोधक समाज काढला. त्याच समाजातले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा बांधली. १० जून १८९० रोजी गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली ती लोखंड्यांच्या झगड्यातून. आम्हा कामगारांना आज साप्ताहिक सुट्टी मिळते, तिच्या मुळाशी जोतीरावांची चळवळ आहे, हे आमच्या खात्यातल्या दहापैकी नऊ जणांना माहीत नाही. आम्हालाही पस्तिशीपर्यंत माहीत नव्हते.

डाव्या हाताने लिहिलेले पुस्तक

१८७७ च्या दुष्काळात जोतीरावांनी उपाशी लेकरांसाठी धनकवडीला अन्नछत्र चालवले. १८८८ च्या मार्चमध्ये पुण्यात इंग्रज राजपुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट आला, तेव्हा दागिन्यांनी मढलेल्या पाहुण्यांत जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात उभे राहिले. हा देश दागिन्यांत दिसतो तसा नाही, तो माझ्यासारखा दिसतो, हे त्यांनी कपड्यांनी सांगितले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली.

पुढे लकवा मारला. उजवा हात गेला. मग त्यांनी डाव्या हाताने सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहिले. एकाच घरात बाई बुद्धाच्या धर्माची, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा आणखी कोणत्या धर्माचा, असे असले तरी त्यांनी प्रेमाने राहावे, असा विचार त्यात आहे. ते पुस्तक त्यांच्या मागे १८९१ मध्ये छापले गेले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. टिटवे धरण्यावरून भाऊबंदांनी वाद काढला तेव्हा सावित्रीमाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले. पुढे १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता १० मार्चला त्याही गेल्या.

जोतीराव गेल्यावर साडेचार महिन्यांनी, १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला. बुद्ध, कबीर आणि फुले हे बाबासाहेबांचे तीन गुरू. शूद्र पूर्वी कोण होते हा ग्रंथ त्यांनी १९४६ मध्ये जोतीरावांनाच अर्पण केला. त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेतले काळ्या लोकांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहून काळ्यांचे आणि अस्पृश्यांचे दुःख सारखे असल्याचे कळवले. जोतीरावांनी ज्या घराचे दार ठोठावले होते, बाबासाहेबांनी त्याच घराला पुन्हा हाक दिली.

आता आपला हिशेब

आमचे वडील सालदार होते. पाडव्याला साल ठरायचे आणि पुढच्या पाडव्यापर्यंत माणूस मालकाचा. १९५६ च्या ऑक्टोबरात आमचे आजोबा वडिलांना घेऊन नागपूरला गेले. चौदा तारखेला दीक्षा घेऊन आले आणि ढोर ओढायचे बंद केले. त्या वर्षी घरात अन्नाचे हाल झाले, पण ते काम पुन्हा धरले नाही. हा आमचा अभिमान आहे आणि मरेपर्यंत राहील.

पण अभिमानासोबत आम्हाला एक गोष्ट कबूल करायची आहे. ती लिहावी की नाही याचा आम्ही बरेच दिवस विचार केला. काही वर्षांमागच्या एका उन्हाळ्याची गोष्ट. नळ आटले होते. आपल्या विहाराच्या बोअरला तेवढे पाणी होते. नाल्यापलीकडच्या मांगपुऱ्यातल्या आणि पारधी बेड्यावरच्या बाया गुंड घेऊन आल्या. आपल्यातलेच काही जण म्हणाले, आधी आपल्या वस्तीचे भरू द्या, उरले तर बघू. एकाने मोटारीच्या खोलीला कुलूप लावले. आम्ही तिथे होतो. कमिटीवर होतो. आम्ही काही बोललो नाही. दुपारच्या उन्हात त्या बाया निंबाखाली बसून राहिल्या आणि संध्याकाळी रिकामे गुंड घेऊन गेल्या.

कुलूप आम्ही लावले नव्हते. पण किल्ली कोणाच्या खिशात आहे ते आम्हाला माहीत होते. त्या रात्री पाळीवर फ्रेमची तुटलेली तार सांधताना आम्हाला १८६८ चा हौद आठवत राहिला. जोतीरावांच्या फोटोखाली बसून आम्ही पुण्याच्या सनातन्यांसारखे वागलो होतो. दुसऱ्या दिवशी दोन-तीन जुन्या माणसांना घेऊन किल्ली मागून आणली, कुलूप काढले आणि पाणी दिले. पण त्या एका दिवसाचे पाणी आम्ही देणे लागतो, ते अजून फिटले नाही.

काही लोक म्हणतील, आपणच हजारो वर्षे सोसले, आपल्याला कशाला हिशेब विचारता? आमचे म्हणणे असे, की ज्यांनी गुलामी लादून मळे, वाडे, विद्या कमावली त्यांच्याकडे मोठी थकबाकी आहे. ती मागणे आपण सोडू नये, एक पैही सोडू नये. पण ज्याची स्वतःची वही कोरी, त्याच्या मागणीला वजन येत नाही. आपल्या बाया विहारात सतरंजी अंथरायला पुढे आणि कमिटीत मागे, हे आपल्या खात्यावरचे देणे आहे. गटार उपसायला माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी तसा माणूस उतरतो तेव्हा तो आपला नाही म्हणून गप्प बसणे, हेही देणे. मांगाची पोरगी सून म्हणून आली तर तोंड वाकडे करणे, हे तर चक्रवाढ व्याजाचे देणे.

सरकारने करायचे ते सरकारने करावे, सवर्ण समाजाने करायचे ते त्याने करावे आणि आपण करायचे ते आपण करावे. कोणी कोणासाठी थांबू नये. जोतीराव थांबले नव्हते. हौद खुला करायला त्यांनी कोणत्या ठरावाची वाट बघितली नाही.

म्हणून या पंचविसाव्या वर्षी आम्ही कमिटीला तीन सूचना करतो. विहाराच्या बोअरवर कुलूप राहणार नाही आणि पाणी कोणत्याही वस्तीच्या माणसाला मिळेल, असा ठराव लिहून भिंतीवर लावावा. कमिटीत निम्म्या बाया घ्याव्या. आणि आपल्या विहारातल्या रात्रीच्या अभ्यासवर्गाला मांगपुऱ्यातली आणि बेड्यावरची मुले स्वतः जाऊन बोलावून आणावी, एक जुनी वही-पेन्सिल हातात ठेवून नव्हे, आपल्या लेकरांच्या बरोबरीने सतरंजीवर बसवून.

पहिल्या सूचनेचा फळा आम्ही स्वखर्चाने रंगवून देऊ. मजकूर मंजूर झाला की कळवावे.

जय जोती, जय सावित्री, जय भीम. सर्वांचे मंगल होवो.